आधी काम, मग करार : ग्रामीण महाविद्यालयाने परदेशी विद्यापीठाशी भागीदारी कशी उभी करावी

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी असलेली महाविद्यालयं परदेशी विद्यापीठांशी करार करतात ते बहुतेक वेळा उलट्या क्रमाने. नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय परिषदेची) तयारी सुरू झाली की आयक्यूएसीच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, बैठकीत विषय निघतो, कुणाच्या तरी ओळखीने आफ्रिकेतल्या किंवा आग्नेय आशियातल्या एका विद्यापीठाचं नाव पुढे येतं, ऑनलाइन सह्या होतात, बातमी छापून येते. आणि मग शोध सुरू होतो की या करारावर काम काय करायचं! पोरगा-पोरगी भेटण्याआधी साक्षगंध उरकावं, तसा हा प्रकार आहे. दोन वर्षांनी नॅकची समिती पुरावे मागते तेव्हा फाइलमध्ये एक फोटो आणि सह्यांचा कागद, एवढंच सापडतं.

हा लेख संलग्नित पदवी महाविद्यालयांसाठी आहे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ किंवा गोंडवाना विद्यापीठाशी जोडलेली, दोन-चार विभागांची, परदेशी संबंधांसाठी वेगळा कर्मचारी नसलेली महाविद्यालयं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे. टप्पे वर-खाली केले, तर कुठे अडतं तेही त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

सुरू करण्याआधी : तुम्हाला नेमकं काय करता येतं?

संलग्नित महाविद्यालय स्वतः पदवी देत नाही, पदवी विद्यापीठाची असते. त्यामुळे ‘संयुक्त पदवी’, ‘दुहेरी पदवी’ हे शब्द महाविद्यालयाच्या करारात आले की तिथेच थांबा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार ट्विनिंग (अभ्यासक्रमाचा काही भाग परदेशी विद्यापीठात), संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी यांसाठी भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण, एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ गटात पहिल्या १०० मध्ये स्थान किंवा ‘इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स’चा दर्जा, यांपैकी एक लागतं. समोरचं विद्यापीठ टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या १००० मध्ये असेल, तर यूजीसीची वेगळी परवानगी लागत नाही. ही वाट विद्यापीठांची आहे. तुमची नव्हे.

तुमच्या हातात जे आहे तेही कमी नाही. एकत्र शिकवलेला अभ्यासक्रमाचा एखादा भाग, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचा सामाईक प्रकल्प, शिक्षकांची ऑनलाइन व्याख्यानं, सामाईक संशोधन, शोधनिबंध, छोटी भेट. पदवीचा शब्द न उच्चारता हे सगळं करता येतं, आणि विद्यार्थ्यांच्या पदरात खरं काही पडतं ते यातूनच.

टप्पा १ : स्वतःचा प्रश्न ठरवा

यावर सर्वांत जास्त वेळ घालवा. दोन महिने गेले तरी चालतील.

‘आम्हाला आंतरराष्ट्रीय सहकार्य हवं आहे’ हा प्रश्न नाही. तुमच्या तालुक्यात असं काय आहे, जे जगात दुसरीकडेही कुणी तरी अभ्यासतंय, हा प्रश्न आहे. विदर्भातल्या महाविद्यालयांना हे शोधायला लांब जावं लागत नाही.

बुलडाणा जिल्ह्यात लोणार आहे. बेसाल्ट खडकात उल्का आदळून तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, आत खारं-अल्कधर्मी सरोवर, २०२० पासून रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत. घानामध्ये कुमासी शहराजवळ बोसुम्त्वी नावाचं दुसरं उल्काविवर आहे, व्यास साधारण १०.५ किलोमीटर. त्यातही सरोवर आहे, काठावर गावं आहेत आणि तिथल्या अशांती लोकांसाठी ते पवित्र ठिकाण आहे. त्या शहरातच क्वामे एन्क्रुमा विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आहे. लोणारच्या आसपासच्या महाविद्यालयातल्या भूगोल, रसायनशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या विभागाला यापेक्षा चांगला धागा कुठला मिळणार?

यवतमाळ-वर्ध्याकडे कापूस आहे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांत कापूस हे महत्त्वाचं नगदी पीक आहे, आणि भारत सरकारच्या कापूस तांत्रिक साहाय्य कार्यक्रमात हे देश होते. पण त्यांचा उच्च शिक्षणाचा व्यवहार फ्रेंचमध्ये चालतो, हे आधीच लक्षात घ्या. इंग्रजीत काम करायचं असेल तर युगांडा, टांझानिया, झांबिया बघा. तिथेही कोरडवाहू कापूस आहे. गडचिरोली-चंद्रपुरात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, आणि या आजाराचा जगातला सर्वांत मोठा भार नायजेरियावर आहे. अकोला-अमरावतीकडे पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तर व्हिएतनाममध्ये मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातही खाऱ्या पाण्याने भातशेती अडचणीत येते आणि तिथे कान थो विद्यापीठ आहे.

इथे एक सावधगिरी. शब्द सारखा असला म्हणून दुखणं सारखं नसतं. मेकाँगमध्ये समुद्राचं पाणी आत शिरतं. पूर्णेच्या खोऱ्यात समुद्र नाही, तिथलं भूजलच मुळात खारं आहे. सिकलसेलचंही तसंच : भारतात प्रामुख्याने आढळणारा जनुकीय प्रकार आणि आफ्रिकेतले प्रकार वेगळे आहेत. हा फरक पहिल्याच पत्रात तुम्ही स्वतः मांडलात, तर समोरचा प्राध्यापक तुम्हाला गांभीर्याने घेतो. लपवलात तर पहिल्याच बैठकीत उघडा पडतो.

*तपासा :* तुमचा प्रश्न एका वाक्यात, परदेशी विद्यापीठाचं नाव न घेता लिहिता येतो का? आणि त्या प्रश्नावर तुमच्या महाविद्यालयात आजवर काही तरी झालंय का, निदान विद्यार्थ्यांचं सर्वेक्षण, दोन वर्षांच्या विहिरींच्या नोंदी, एखादा प्रकल्प अहवाल? काहीच नसेल तर आधी एक हंगाम ते करा. रिकाम्या हाताने गेलेल्याला भागीदार मिळत नाही. मिळतो तो माहिती गोळा करून घेणारा मालक.

टप्पा २ : माणूस आधी शोधा, विद्यापीठ नंतर

विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांना पत्र पाठवण्याची पद्धत पडली आहे. त्या कार्यालयांकडे अशी पत्रं ढिगाने येतात आणि उत्तर आलंच तर त्यासोबत एमओयूचा (सामंजस्य कराराचा) मसुदा येतो. म्हणजे पुन्हा कागदच.

त्याऐवजी तुमच्या विषयावर अलीकडे लिहिणारा एक शिक्षक शोधा. गूगल स्कॉलरवर विषय आणि देश टाका, गेल्या चार-पाच वर्षांतले निबंध वाचा. खरोखर वाचा, निदान दोन. शक्यतो विभागप्रमुख किंवा कुलगुरू नको. व्याख्याता किंवा वरिष्ठ व्याख्याता बरा. त्याला स्वतःला वर्ग शिकवायचा असतो, विद्यार्थ्यांना घेऊन काही तरी करायची त्याचीही गरज असते.

तुमच्याकडूनही माणूसच ठरवा, ‘विभाग’ नव्हे. एक मुख्य आणि एक जोडीदार. मुख्य शिक्षक घड्याळी तासिकेवरचा असेल, तर जोडीदार कायमस्वरूपी असलाच पाहिजे. नाहीतर मार्चमध्ये नेमणूक संपते आणि भागीदारीही संपते. या कामात तासिकेवरची तरुण मंडळी मनापासून राबतात आणि नाव मात्र दुसऱ्याचं लागतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. त्यांचं नाव पहिल्या कागदापासून लिहा.

टप्पा ३ : समोरची संस्था खरी आहे का?

हा टप्पा एका दुपारचा आहे, पण तो वगळू नका. प्रत्येक देशाची मान्यता देणारी यंत्रणा असते : नायजेरियात नॅशनल युनिव्हर्सिटीज कमिशन, केनियात कमिशन फॉर युनिव्हर्सिटी एज्युकेशन, युगांडात नॅशनल काउन्सिल फॉर हायर एज्युकेशन, घानामध्ये घाना टर्शरी एज्युकेशन कमिशन. त्यांच्या यादीत नाव बघा. आंतरराष्ट्रीय विद्यापीठ संघटनेची जागतिक उच्च शिक्षण सूचीही उपयोगी आहे. ई-मेल विद्यापीठाच्या स्वतःच्या डोमेनवरून येतोय का तेही पाहा.

*सावधान :* करारासाठी, ‘सदस्यत्वा’साठी किंवा ‘आंतरराष्ट्रीय पुरस्कारा’साठी कुणी पैसे मागत असेल, तर विषय तिथेच संपवा. मानद डॉक्टरेट देतो म्हणणाऱ्यांनाही तोच न्याय. खरं विद्यापीठ सामंजस्य करारासाठी शुल्क घेत नाही.

टप्पा ४ : पहिलं पत्र

आपल्याकडच्या पत्रांचा पहिला परिच्छेद बहुधा संस्थेच्या स्थापनेचा, दुसरा संस्थापक अध्यक्षांचा आणि तिसरा निसर्गरम्य परिसराचा असतो. परदेशातला शिक्षक तिथपर्यंत वाचत नाही.

पत्र इंग्रजीत जाईल, आशय साधारण असा ठेवा :

‘मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका पदवी महाविद्यालयात भूगोल शिकवतो. लोणार उल्काविवर आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. आमचे विद्यार्थी दोन वर्षांपासून आसपासच्या वीस विहिरींची पाण्याची पातळी मोजत आहेत. तक्ता सोबत जोडला आहे. बोसुम्त्वीच्या काठावरच्या गावांविषयीचा तुमचा निबंध वाचला. तुमचं सरोवर आमच्यापेक्षा खूप मोठं आहे आणि पाण्याचं रसायनही वेगळं आहे, तरी काठावरच्या लोकांना विचारलेले तुमचे प्रश्न आम्हालाही विचारता येतील असं वाटतं. तुमच्या आणि आमच्या पंधरा-पंधरा विद्यार्थ्यांनी पाच आठवडे एकच प्रश्नावली वापरून काम केलं तर? पुढच्या महिन्यात अर्धा तास बोलता येईल का? आत्ता करार नको, पैसेही नकोत.’

शेवटचं वाक्य ठेवाच. त्याने समोरच्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

पत्र महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवरून जाऊ द्या. प्राचार्य बदलले की जीमेलचा पासवर्डही त्यांच्यासोबत जातो, हे आपल्याकडे नेहमीचं आहे. शिक्षकाच्या नावाचा नव्हे, तर पदाचा ई-मेल तयार करा आणि त्याची प्रत आयक्यूएसीला जाईल अशी सोय करा. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण. त्यानंतर दुसरा माणूस.

टप्पा ५ : करार नसताना छोटं काम

भागीदारी टिकणार की नाही, ते इथे ठरतं. दोन देशांतल्या वर्गांनी मिळून काही आठवडे ऑनलाइन काम करण्याच्या पद्धतीला जगभर ‘कॉइल’ म्हणतात; न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ पासून ती रुजवली. तिकीट, व्हिसा, निधी काही लागत नाही. लागतो तो दोन शिक्षकांचा नेटका आराखडा.

आधी *तारखा* जुळवा. आपल्याकडे हिवाळी परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबर, उन्हाळी एप्रिल-मे. ऑगस्ट-सप्टेंबर आणि जानेवारी-फेब्रुवारी हे मोकळे तुकडे. दक्षिण आफ्रिकेत शैक्षणिक वर्ष फेब्रुवारी ते नोव्हेंबर चालतं, म्हणजे आपला जानेवारी त्यांच्या सुट्टीत जातो. इतर देशांत सत्राच्या तारखा विद्यापीठागणिक बदलतात. त्यांचं वेळापत्रक मागवून घ्या, गृहीत धरू नका. त्यांच्याकडे संप झाला किंवा आपल्याकडे परीक्षा पुढे गेली, तर काय करायचं हेही लिहून ठेवा. दोन्ही गोष्टी होतात.

मग *घड्याळ*. घाना आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. तिथले सकाळचे ९ म्हणजे आपले दुपारचे २.३०. केनिया-युगांडा-टांझानिया अडीच तास मागे. व्हिएतनाम दीड तास पुढे. युरोपातलं विद्यापीठ तिसरा भागीदार असेल, तर मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं तासाने सरकतात, आपली आणि घानाची सरकत नाहीत. एप्रिलमधल्या पहिल्या बैठकीला अर्धी माणसं तासभर उशिरा येतात ती यामुळेच. इथिओपियात रोजच्या बोलण्यात दिवस पहाटेपासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे एक वाजला. शिवाय त्यांचं कॅलेंडरही वेगळं आहे. वेळ ठरवताना दोन्हीकडची स्थानिक वेळ आणि महिन्याचं नाव अक्षरात लिहा. ०५/०६ असं लिहिलं तर पाच जून की सहा मे, हा घोळ हमखास होतो.

*वीज आणि नेट* गृहीत धरू नका, दोन्हीकडे. थेट बैठका पाच आठवड्यांत दोनच ठेवा, पहिली आणि शेवटची. मधलं सगळं काम रेकॉर्ड केलेले छोटे आवाज, फोटो आणि लेखी उत्तरं यांवर. अर्ध्याहून अधिक मुलं मोबाइलवरून येणार, हे धरून चाला. मोठ्या फाइली टाळा. बैठकीच्या दिवशी इन्व्हर्टर, दुसऱ्या कंपनीचं सिमकार्ड आणि बैठक तुटली तर कुठे भेटायचं त्याचा व्हॉट्सॲप गट, एवढं तयार ठेवा. तिकडेही डेटा महाग असतो आणि वीज जाते; त्यांच्या मुलांना तुमच्यासारखंच व्हिडिओ बंद ठेवायला सांगावं लागतं.

*मुलांची भीती* ही खरी अडचण. मराठी माध्यमातून आलेली मुलं पहिल्या बैठकीत गप्प बसतात आणि शिक्षक त्यांच्या वतीने बोलायला लागतात. तसं करू नका. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाने एक मिनिटाचा आवाज पाठवायचा : माझं गाव, घरी काय पिकतं, पाणी कुठून येतं. तुरीच्या शेतातून, विहिरीच्या काठावरून रेकॉर्ड केलेला असेल तर उत्तमच. इंग्रजी मोडकं असू द्या. समोरच्या मुलांचीही इंग्रजी बहुधा दुसरी किंवा तिसरी भाषा असते, घरी ती त्वी, लुगांडा किंवा स्वाहिली बोलतात. हे कळलं की आपल्या मुलांची जीभ सैल होते.

शेवटी हातात काही तरी यायला हवं : एक सामाईक तक्ता, आठ-दहा पानांचा अहवाल, दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांची नावं.

*तपासा :* पाच आठवडे संपल्यावर दोन्ही शिक्षकांनी स्वतंत्रपणे लिहा की पुन्हा कराल का आणि काय बदलाल. दोघांपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढे जाऊ नका. करार नाही, त्यामुळे कुणाचं काही अडत नाही.

टप्पा ६ : घरची परवानगी

आता कागद. आधी महाविद्यालय विकास समितीसमोर झालेल्या कामाचा अहवाल आणि पुढचा प्रस्ताव ठेवून ठराव घ्या. मग संस्थेच्या कार्यकारिणीचा ठराव. मग संलग्न विद्यापीठाला पत्र. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी मंडळच आहे, त्याच्याकडे प्रस्ताव जाऊ द्या. जावक क्रमांक टाका आणि पोच घ्या.

करारावर सही कुणाची, हेही इथेच ठरतं. महाविद्यालय बहुधा स्वतंत्र कायदेशीर व्यक्ती नसतं. नोंदणी असते ती संस्थेची. प्राचार्य सही करणार असतील तर संस्थेने तसा अधिकार ठरावाने द्यायला हवा. हा ठराव नसलेले करार मी बरेच पाहिले आहेत. निधीची वेळ आली की ते निरुपयोगी ठरतात.

टप्पा ७ : करारनामा

दोन कागद करा. पहिला दोन पानांचा सामंजस्य करार : कोण, कशासाठी, किती वर्षं (तीन पुरेत), कुणी कधी बाहेर पडायचं, वाद झाला तर काय. त्यात पैशांचं बंधन नको. दुसरा कागद म्हणजे कामाचं परिशिष्ट, दरवर्षी नवं : यंदा कोणतं काम, कोणत्या महिन्यात, दोन्हीकडचे जबाबदार शिक्षक नावानिशी, कुठला खर्च कोण करणार. काम बदललं की परिशिष्ट बदलायचं, करार तसाच राहतो.

तीन कलमं तुम्हीच मागून घ्या, कारण समोरून येणाऱ्या तयार मसुद्यात ती क्वचितच असतात. गोळा केलेली माहिती दोघांच्याही ताब्यात राहील. शोधनिबंधात लेखकांचा क्रम काम सुरू होण्याआधी ठरेल आणि क्षेत्रावर काम करणाऱ्यांची नावं लेखकांत येतील, आभारात नाही. आणि निष्कर्ष ज्या गावांतून माहिती घेतली त्या गावांपर्यंत, मराठीत, जातील.

हे शेवटचं कलम कुणी मागत नाही. मागितलं पाहिजे. आपल्या गावांनी गेल्या काही दशकांत किती प्रश्नावल्या भरून दिल्या, आणि किती अहवाल ग्रामपंचायतीत परत आले?

युरोप-अमेरिकेतलं विद्यापीठ, आफ्रिकेतलं एक आणि तुम्ही अशी तिहेरी भागीदारी असेल, तर आणखी काळजी घ्या. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लसमधल्या विद्यार्थी-शिक्षक देवाणघेवाणीसाठी अर्ज युरोपातलं विद्यापीठच करू शकतं. तुम्ही भागीदार म्हणून आत जाता. म्हणून अर्ज लिहिला जात असतानाच तुमचा वाटा, तुमचं अंदाजपत्रक आणि तुमच्या शिक्षकांचे तास त्यात लिहून घ्या. मंजुरीनंतर मागायला गेलात तर उत्तर ठरलेलं असतं : आता बदलता येत नाही.

टप्पा ८ : पैसे

परदेशातून अनुदान म्हणून एक रुपयाही घेण्याआधी हे नीट वाचा. सगळ्यात महागात पडणाऱ्या चुका इथेच होतात.

विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० म्हणजे एफसीआरए. परदेशी संस्थेकडून देणगी, अनुदान, प्रकल्पनिधी घ्यायचा तर नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य उद्दिष्टांवर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. नोंदणी नसेल तर ठरावीक देणगीदाराकडून, ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेची पूर्वपरवानगी मागता येते. त्यासाठी देणगीदाराचं वचनपत्र लागतं. यात महिने जातात, म्हणून प्रकल्पाच्या वेळापत्रकात ते धरा.

२०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच उतरवता येतो. तालुक्याच्या शाखेत, महाविद्यालयाच्या चालू खात्यात नाही. तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे ‘नागपूरच्या मोठ्या संस्थेची नोंदणी आहे, त्यांच्याकडून आपल्याकडे वळते करू’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला बेकायदा आहे. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत. वार्षिक विवरण आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, आणि निधी आला नसला तरी कोरं विवरण भरावं लागतं.

*सावधान :* प्राध्यापकाच्या वैयक्तिक खात्यावर ‘मानधन’ म्हणून प्रकल्पाचे पैसे घेऊ नका. फुकट आलेली उपकरणं, संगणक हेही योगदानात मोजले जाऊ शकतात. आधी सीएला विचारा. या कायद्याच्या उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाची तरतूद आहे आणि जबाबदारी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवर येते. अध्यक्षसाहेबांना हे आधी समजावून सांगा.

परदेशी विद्यार्थ्याने भरलेली फी मात्र विदेशी योगदानात येत नाही, कायद्यात तसं स्पष्टीकरणच आहे. आणि सरकारी महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी परदेशात यजमानाच्या खर्चाने तिकीट किंवा राहण्याची सोय स्वीकारण्याआधी केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते.

माझं स्पष्ट मत : पहिली दोन वर्षं परदेशातून पैसे घेऊच नका. प्रत्येकाने आपला खर्च आपण करावा. ऑनलाइन कामाला तेवढं पुरतं, आणि कोण देणारा, कोण घेणारा हा भाव मनात शिरत नाही.

टप्पा ९ : बियाणं, माती, रक्त, माहिती

शास्त्र शाखांसाठी हा टप्पा टाळता येणार नाही. जैविक विविधता कायदा, २००२ नुसार भारतातली जैविक संसाधनं परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला मिळवायची असतील, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. देशी कापसाचं बियाणं, मोहाची फुलं, मातीतले सूक्ष्मजीव, सगळं यात येतं. पाहुण्याच्या बॅगेत प्रेमाने दिलेली वाणाची पुडीसुद्धा! महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे; जाऊन विचारा. लोणार अभयारण्य आहे, तिथे नमुने घेण्यासाठी वन विभागाची परवानगी वेगळी.

रुग्ण, रक्ताचे नमुने किंवा आरोग्याची माहिती असेल तर नैतिकता समितीची मान्यता हवीच, आणि परदेशी सहकार्य असलेल्या आरोग्य संशोधनाचे प्रस्ताव आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्फत आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीकडे जातात. साध्या पदवी महाविद्यालयाने सिकलसेलवर काम करायचं तर रक्ताला हात न लावता करावं : शाळांतली जाणीव, प्रवासाचा खर्च, औषध मिळण्यातले अडथळे. तेही संमतीपत्र मराठीत आणि जिथे गोंडी किंवा माडिया बोलली जाते तिथे त्या भाषेत समजावूनच.

टप्पा १० : पाहुणे येतात तेव्हा

भेट शेवटी. एखादं सत्र यशस्वी झाल्यावरच. आणि मे महिन्यात कुणालाही बोलावू नका. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा ४५ अंशांचा उन्हाळा सोसवणारा नाही. जानेवारी उत्तम.

व्हिसाचा प्रकार कामाशी जुळायला हवा. पर्यटक व्हिसावर आलेल्या पाहुण्याला परिषदेत व्याख्याता म्हणून उभं करू नका. आंतरराष्ट्रीय परिषद असेल तर परिषद व्हिसा आणि त्याआधी मंत्रालयांच्या परवानग्या, यासाठी तीन-चार महिने हातात ठेवा. घाना, नायजेरिया, युगांडा, केनिया अशा देशांतून येणाऱ्यांकडे पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र हवं आणि लस प्रवासाच्या निदान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. तुमचे शिक्षक तिकडे जाणार असतील तर त्यांनाही हीच लस लागते; ती ठरावीक केंद्रांतच मिळते.

परदेशी पाहुणा जिथे मुक्काम करेल, मग ते वसतिगृह असो, विश्रामगृह असो की अध्यक्षांचं घर, तिथून २४ तासांत त्याच्या मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म (पूर्वीचा ‘सी फॉर्म’) ऑनलाइन भरावा लागतो. गावातल्या लॉजवाल्याला हे माहीत नसतं. तुम्हीच भरून घ्या आणि पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परकीय नागरिक नोंदणी शाखेला आधी कळवा. कार्यक्रमाच्या दिवशी पोलीस चौकशीला आले की पाहुणा उगाच अवघडतो.

आणखी एक, मनापासून. आफ्रिकेतून आलेल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना आपल्या गावांत, बसस्टँडवर टक लावून पाहिलं जातं, न विचारता फोटो काढले जातात, रंगावरून शेरे मारले जातात. भेटीच्या आधी विद्यार्थ्यांशी, वसतिगृहाच्या कर्मचाऱ्यांशी आणि जिथे जाणार त्या गावच्या सरपंचांशी यावर उघड बोला. हार-तुरे, लेझीम, दोन तासांचा सत्कार यांत एक अख्खी सकाळ जाते. त्याऐवजी पाहुण्याला थेट वर्गात आणि शेतात न्या.

टप्पा ११ : नोंदी, आणि थांबायचं कधी

प्रत्येक ऑनलाइन बैठकीचं अर्ध्या पानाचं इतिवृत्त त्याच दिवशी दोन्हीकडे पाठवा. हजेरी, विद्यार्थ्यांचं काम, अहवाल, पत्रव्यवहार वर्षवार एका फोल्डरमध्ये. एक प्रत आयक्यूएसीकडे, एक ग्रंथालयात. नॅकला ‘कार्यरत’ करार दाखवायचा असतो तेव्हा हेच कागद पुरावा ठरतात, नंतर बसून फोटो जमवावे लागत नाहीत.

मुदत संपायच्या सहा महिने आधी दोन्ही शिक्षकांनी बसून ठरवा. सलग दोन सत्रं काही झालं नसेल तर नूतनीकरण करू नका. समन्वयक बदलत असेल तर जुन्याने नव्याची ओळख निदान एका बैठकीत करून द्यावी, मगच मोकळं व्हावं. करार संपवायचा असेल तर आभाराचं रीतसर पत्र पाठवा, त्यांची माहिती आणि फाइली त्यांना परत द्या, विद्यार्थ्यांची प्रलंबित प्रमाणपत्रं पूर्ण करा आणि महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या भागीदारांच्या यादीतून ते नाव काढा.